चापू, अंबर, मलिकंबर

१६१७ च्या नोव्हेंबरात पीटर व्हान डेन ब्रूके नावाचा डच व्यापारी मलिक अंबरच्या छावणीत येऊन पोचला. त्याची जहाजे गुजरातच्या किनाऱ्यावर फुटली होती आणि माणसे बरोबर घेऊन तो सुरतेहून खुष्कीच्या वाटेने मच्छलीपट्टणकडे निघाला होता. वाटेत निजामशाहीचा मुलूख लागत होता आणि त्या मुलखात अंबरच्या मर्जीशिवाय पान हलत नव्हते. डच माणसासमोर उभा होता सत्तरीच्या घरातला, उंचापुरा, कठोर मुद्रेचा हबशी सेनापती. जहांगीर बादशहाच्या फौजांना तो वर्षानुवर्षे दख्खनमध्ये झुलवत होता. व्यापाऱ्याने त्याच्याबद्दल जे टिपून ठेवले त्यात दोन गोष्टी अनमोल आहेत. एक, या माणसाचे मूळ नाव चापू. दुसरी, मोख्याच्या बाजारात तो वीस डुकाटांना विकला गेला होता.

दख्खनच्या आणि मोगलांच्या फारसी तवारिखांनी अंबरच्या लढायांवर पानेच्या पाने खर्ची घातली. पण आईबापांनी ठेवलेले नाव आपल्यापर्यंत पोचले ते एका परदेशी व्यापाऱ्याच्या नोंदीमुळे. चापू हे नाव ज्या हाकेत होते ती हाक बालपणीच तुटली. पुढे जे नाव जगाने ऐकले ते त्याला विकत घेणाऱ्याने दिले होते. अंबर हे पुरुषाचे नाव आज मुसलमान घरांत क्वचितच ऐकू येते. ते इतके विरळ का झाले याचे उत्तर शोधायचे तर दख्खनच्या पठारावरून थेट तांबड्या समुद्रापर्यंत जावे लागते.

चापूचा जन्म १५४८ च्या सुमारास इथियोपियात झाला. दक्षिणेकडच्या कंबाटा प्रदेशातला तो असावा, असे अभ्यासक मानतात. त्या काळी डोंगराळ भागातल्या ख्रिस्ती राजांच्या दरबाराला हिंदुस्थानी कापडाची मोठी हौस होती. गुजरातचे सुती कापड तांबड्या समुद्रातून तिकडे जाई आणि मोबदल्यात सोने, हस्तिदंत आणि माणसे बाहेर पडत. ही माणसे बहुतेक सीमेपलीकडच्या, ख्रिस्ती नसलेल्या टोळ्यांतली असत. धाडीत पकडलेली पोरे किनाऱ्यावर आणायची, तिथून समुद्र ओलांडून येमेनच्या मोख्याला आणि पुढे हेजाझ, इराक, हिंदुस्थान अशी त्यांची वाटणी व्हायची. चापूच्या वाट्याला बगदाद आले. तिथे मीर कासिम अल-बगदादी या व्यापाऱ्याने त्याला घेतले. पोरगा हुशार आहे हे त्याने हेरले, लिहिणे-वाचणे आणि हिशेब शिकवला, इस्लामची दीक्षा दिली आणि नाव ठेवले अंबर.

अरबीत या नावाचे पहिले अक्षर घशातून उच्चारायचे ‘ऐन’ आहे, म्हणून ते अन्बर किंवा अंबर असे ऐकू येते. मराठी कानाला अंबर म्हटले की आकाश दिसते, पीतांबर-श्वेतांबरातले वस्त्र दिसते. त्याचा या अंबरशी संबंध नाही. धान्याच्या राशीला आपण अंबार म्हणतो, पन्हाळ्यावर अंबारखाना आहे. तो शब्दही वेगळा, आणि हत्तीच्या पाठीवरची अंबारी आणखी वेगळी. बगदादच्या व्यापाऱ्याच्या मनातला अंबर हा समुद्रातून येणारा सुगंध होता.

कोकणच्या किनाऱ्यावर अधूनमधून बातमी येते की देवमाशाची उलटी विकायला निघालेली टोळी पोलिसांनी पकडली. तोच हा पदार्थ. स्पर्म व्हेल जातीचा देवमासा माकुळे खातो. माकुळांच्या टणक चोची त्याला पचत नाहीत, आणि त्यांच्याभोवती त्याच्या आतड्यात मेणासारखा गोळा तयार होतो. ताजा असताना तो काळपट असतो आणि त्याला घाणच येते. पण शरीराबाहेर पडल्यावर वर्षानुवर्षे खाऱ्या पाण्यात आणि उन्हात तरंगला की त्याचा रंग राखाडी, पुढे पांढुरका होतो आणि एक खोल, गोड वास त्यात उतरतो. अत्तरात तो मिसळला की बाकीचे सुगंध टिकून राहतात. पूर्व आफ्रिकेचा आणि अरबस्तानचा किनारा यासाठी प्रसिद्ध होता. लाटांनी वाहून आणलेला गोळा सापडणे म्हणजे नशीब फळफळणे. तो कुठून येतो याबद्दल मध्ययुगात नाना तर्क होते. समुद्रतळाशी झरे आहेत, त्यांतून तो पाझरतो, असेही लोक मानत. हदीसच्या ग्रंथांत अंबर नावाच्या प्रचंड माशाची गोष्ट आहे. अबू उबैदा यांच्या तुकडीची शिधासामग्री संपली, तेव्हा समुद्राने किनाऱ्यावर टाकलेल्या त्या माशावर तीनशे माणसे पंधरवडाभर जगली.

एवढा मोलाचा पदार्थ, मग गुलामाला त्याचे नाव का?

या प्रश्नाशी मला थांबावेसे वाटते, कारण तिथे एका मोठ्या व्यवस्थेचा चेहरा दिसतो. स्वतंत्र मुसलमान पुरुषाचे नाव बापाच्या, आजोबाच्या नावाशी ‘बिन’ या दोरीने बांधलेले असे. अमुक बिन तमुक बिन तमुक अशी ती साखळी जितकी लांब, तितकी त्या माणसाची मुळे खोल. गुलामाची साखळी मुद्दाम तोडलेली असे. बाप सांगायचाच झाला तर ‘बिन अब्दुल्ला’, म्हणजे ईश्वराच्या कोणा दासाचा मुलगा, असे म्हणून वेळ निभावली जाई. नाव ठेवायचे ते मालकाने, आणि कानाला गोड, घराला शुभ असे. म्हणून गुलामांची नावे जवाहिऱ्याच्या आणि अत्तरवाल्याच्या दुकानातून येत. याकूत म्हणजे माणिक, मरजान म्हणजे पोवळे, जौहर म्हणजे रत्न, काफूर म्हणजे कापूर, संदल म्हणजे चंदन, रैहान म्हणजे सब्जा, सुंबुल म्हणजे जटामांसी. नाहीतर मग मुबारक, इक्बाल, बखीत अशी भाग्याची नावे. ज्या घरात मुलाला मुहम्मद, अली, हसन अशी हाक मारत, त्याच घरात पाणी आणून देणाऱ्या पोराला अंबर म्हणत. ऐकताच कळावे की हा कोणाचा कोणी नाही.

या नावांनी मोठमोठ्या कारकिर्दी पाहिल्या, हे मात्र तितकेच खरे. दहाव्या शतकात इजिप्तची सत्ता काफूर या काळ्या हबशी खोजाच्या हातात होती. पांढऱ्याशुभ्र कापराचे नाव मिरवणारा हा माणूस ९६८ साली वारला, तोवर कवी मुतनब्बीने आधी त्याची स्तुती गायली होती आणि मनासारखे पद मिळाले नाही म्हणून पुढे अत्यंत जहरी निंदाही केली होती. त्या निंदेत काळा रंग आणि गुलामी यांवरच घाव आहेत. काफूर गेल्यावर पुढच्याच वर्षी इजिप्त जिंकून ज्याने कैरो शहर वसवले, तो फातिमी सेनापती जौहर हाही सिसिलीकडून आलेला गुलामच. भूगोलकोशाचा कर्ता याकूत अल-हमवी हा मुळात बायझंटाइन मुलखातला पोर. बगदादमध्ये तो हमा गावच्या अस्कर नावाच्या व्यापाऱ्याने विकत घेतला. विद्वान म्हणून नाव झाल्यावर त्याने स्वतःला याकूब म्हणवून घ्यायला सुरुवात केली, असे चरित्रकार इब्न खल्लिकान सांगतो. याकूतचा याकूब. एक अक्षर बदलले की माणिक जाते आणि पैगंबराचे नाव येते, बाजार जातो आणि घर येते. त्या एका अक्षरासाठी त्याचा जीव किती तळमळला असेल!

हिंदुस्थानात हीच नावे समुद्रमार्गे आली. रझिया सुलतानाच्या पागेचा प्रमुख जमालुद्दीन याकूत हबशी होता, १२४० मध्ये तो मारला गेला. अलाउद्दीन खिलजीचा मलिक काफूर हबशी नव्हता. १२९९ च्या गुजरात स्वारीत तो खंबायतला हाती लागला, ‘हजारदिनारी’ ही त्याची ओळख किमतीवरूनच पडली. आठ-नऊ वर्षांनी तो देवगिरीवर चालून आला आणि रामदेवरावाला दिल्लीला घेऊन गेला. देवापुढे आपण लावतो तो कापूर, संस्कृत कर्पूर आणि अरबी काफूर ही एकाच कुळातली. आपल्या कापराच्याच कुळातला शब्द माणसाचे नाव होऊन यादवांच्या राजधानीवर फौज घेऊन आला.

पण या नावांची खरी दाटी झाली दख्खनमध्ये. बहमनी सत्तेपासूनच दरबारात आफाकी, म्हणजे इराण-तुराणकडून आलेले, आणि दख्खनी, म्हणजे इथे रुजलेले, असे दोन तट होते. हबशी बहुधा दख्खन्यांच्या बाजूने उभे राहत. परत जायला त्यांना गावच उरलेले नव्हते, हे त्याचे एक कारण. मराठेशाहीचा इतिहास वाचताना ही नावे आपल्या डोळ्यांखालून शेकडो वेळा जातात. १६६० मध्ये पन्हाळ्याला वेढा घालून शिवाजी महाराजांना अडकवणारा सिद्दी जौहर आणि कैरो वसवणारा जौहर हे नामबंधू आहेत. १६५७ मध्ये बीदरचा किल्ला औरंगजेबाविरुद्ध लढवताना दारूच्या स्फोटात होरपळून मेलेला किल्लेदार सिद्दी मरजान. विजापूरच्या इब्राहिम रोजाचे काम पाहणारा मलिक संदल. जंजिऱ्याचा सिद्दी संबूल. त्याच्या मागून आलेल्या सिद्दी कासिमला तर औरंगजेबाने याकूतखान असा किताबच दिला, आणि त्याने १६८९ मध्ये मुंबई बेटावर उतरून इंग्रजांना किल्ल्यात कोंडले. मुरूडजवळ खोकरीच्या घुमटांत तो विसावला आहे. बगदादच्या विद्वानाला जे याकूत नाव टाकून द्यावेसे वाटले, तेच इथे बादशाही मानाचा किताब म्हणून परत आले.

अंबरची गोष्ट या सगळ्यांत वेगळी आहे ती त्याने त्या नावाचे जे केले त्यामुळे.

बगदादहून तो अहमदनगरला आला आणि निजामशाहीचा पेशवा चंगेजखान याने त्याला विकत घेतले. चंगेजखान स्वतःही मुळात हबशी गुलामच होता, असे इतिहासकार सांगतात. त्याच्या पदरी अशी हजारभर हबशी माणसे होती. कारभार कसा हाकावा, दरबारात पाय कुठे टाकावा, हे अंबर तिथे शिकला. १५७५ च्या सुमारास चंगेजखानाचा विषप्रयोगाने अंत झाला आणि त्याच्या विधवेने अंबरला मुक्त केले. मोकळ्या माणसाला मालक नसतो, पण भाकरीची हमीही नसते. त्याने विजापूरकरांकडे आणि गोवळकोंड्याकडे चाकरी केली, स्वारांची लहान टोळी जमवली आणि १५९५ च्या सुमारास तो पुन्हा निजामशाहीत परतला. मलिक हे बिरूद त्याला विजापूरकडून मिळाले असे सांगतात. मलिक म्हणजे धनी, सत्ताधारी. मुक्त केलेल्या गुलामाच्या नावामागे हा शब्द लागला की दोन शब्दांत त्याचा सगळा प्रवास येई.

१६०० मध्ये चांदबिबीचा खून झाला आणि अहमदनगरचा किल्ला मोगलांच्या हाती पडला. राज्य संपले असे सर्वांना वाटले. अंबरने निजामशाही घराण्यातला एक मुलगा शोधून परांड्याला त्याला मुर्तजा या नावाने तख्तावर बसवले आणि आपली मुलगी त्याला दिली. ज्याची वंशावळ पुसली गेली होती तो राजाचा सासरा झाला. राजू दख्खनी हा प्रतिस्पर्धी त्याने मोडला, राजधानी परांड्याहून जुन्नरकडे आणि मग दौलताबादेकडे नेली. इंग्रज प्रवासी विल्यम फिंच याने १६१० च्या सुमारास लिहिले की अंबरजवळ दहा हजार हबशी आणि चाळीस हजार दख्खनी सैनिक आहेत. त्या दख्खन्यांत मराठे मोठ्या संख्येने होते. घाटाघाटांत दबा धरायचा, रसद तोडायची, समोरासमोर उभे न राहता मोठ्या फौजेला दमवायचे, ही बर्गीगिरी त्याने मराठा स्वारांच्या जोरावर नेटाने वापरली.

याच दरबारात उलट्या दिशेने गेलेली दोन नावेही भेटतात. मालोजी भोसल्यांना मूल होत नव्हते, त्यांनी अहमदनगरच्या शहा शरीफ या पिराला नवस केला आणि मुलगे झाल्यावर त्यांची नावे शहाजी आणि शरीफजी ठेवली, असे बखरी सांगतात. एका बाजूला नवसाने, मायेने ठेवलेले मुसलमानी नाव मराठा घरात नांदत होते, दुसऱ्या बाजूला विकत घेऊन लादलेले नाव एक हबशी मिरवत होता, आणि १६२४ मध्ये हे सगळे भातवडीच्या रणात एकत्र उभे राहिले. मोगल आणि विजापूर यांच्या जोडफौजा चालून आल्या होत्या. अंबरने भातवडीच्या तलावाचा बांध फोडला, पाणी शत्रूच्या तळावर सोडले, चिखलात रुतलेल्या छावणीवर रात्रीअपरात्री छापे घातले आणि मग निर्णायक घाव घातला. विजापूरचा सेनापती मुल्ला मुहम्मद लारी मारला गेला. शहाजीराजांनी तिथे पराक्रम गाजवला, शरीफजी तिथेच पडले. कवींद्र परमानंदाने शिवभारतात या लढाईला संस्कृतात जागा दिली.

जहांगीरला अंबरचे नाव सहन होत नसे. आपल्या आठवणींत तो अंबरचा उल्लेख शिवी जोडल्याशिवाय क्वचितच करतो. काळतोंड्या, काळ्या नशिबाचा अशी ती विशेषणे आहेत. मुतनब्बीने काफूरवर वापरलेले जुनेच हत्यार. बादशहाचा चित्रकार अबुल हसन याने तर एक चित्रच काढले. जहांगीर पृथ्वीच्या गोलावर उभा आहे आणि भाल्याच्या टोकावर खोचलेल्या अंबरच्या मुंडक्यावर बाण सोडतो आहे, मुंडक्यावर घुबड बसले आहे. ते चित्र आज डब्लिनच्या चेस्टर बीटी संग्रहालयात आहे. प्रत्यक्षात अंबरचे मुंडके त्याला कधीच मिळाले नाही. मोगल दरबारातल्याच हाशिम या चित्रकाराने काढलेले अंबरचे व्यक्तिचित्रही उपलब्ध आहे. पांढरा झिरझिरीत अंगरखा, भक्कम देह, स्थिर नजर. शत्रूच्या चित्रकाराने त्याचा आब पुरता राखला आहे.

१६१० मध्ये अंबरने दौलताबादेच्या आग्नेयेला खडकी या गावी नवी राजधानी वसवायला घेतली. उत्तरेकडच्या टेकड्यांच्या पोटातले पाणी त्याने जमिनीखालच्या खापरी आणि दगडी मार्गांनी, केवळ उताराच्या आधारे, शहरात आणले. वाटेत हवेसाठी आणि सफाईसाठी विहिरींसारखी तोंडे ठेवली. त्या नहरीला लोक नहर-ए-अंबरी म्हणू लागले, दौलताबादच्या बाहेरच्या तटाला अंबरकोट म्हणू लागले. शहराला मात्र त्याने आपले नाव दिले नाही, ते खडकीच राहिले. त्याच्या मुलाने, फतेहखानाने, ते फतेहनगर केले, शहजादा औरंगजेबाने औरंगाबाद केले, आता ते छत्रपती संभाजीनगर आहे. अंबरच्या दुसऱ्या मुलाचे नाव चंगेजखान होते. ज्या धन्याच्या घरात तो गुलाम म्हणून आला, ज्याच्या पदरी तो घडला, त्याचे नाव त्याने मुलाला दिले. मला हे फार बोलके वाटते. अंबरजवळ आजोबाचे नाव नव्हते. नातवंडांना सांगण्यासाठी कुळ हवे होते, ते त्याने असे उभारले.

मे १६२६ मध्ये, ऐंशीच्या आसपास, तो वारला. खुलताबादला त्याची कबर आहे आणि जवळच पत्नी बीबी करीमाची. जहांगीरच्याच दरबारचा इतिहासकार मुतमदखान याने त्या प्रसंगी लिहिताना हात आखडला नाही. युद्धात, हुकमतीत, कारभाराच्या जाणिवेत याला तोड नव्हती आणि हबशी गुलाम एवढ्या पदाला चढल्याचा दुसरा दाखला इतिहासात नाही, असा त्याचा आशय आहे. फतेहखानाला बापाची धार नव्हती. १६३३ मध्ये त्याने दौलताबाद मोगलांच्या स्वाधीन केले.

नावाचे पुढे काय झाले? जंजिऱ्यावर सतराव्या शतकात सिद्दी अंबर नावाचा अधिकारी होता. एकोणिसाव्या शतकात गुलामांचा व्यापार आवळत गेला आणि ही नावे ठेवणारे मालकच उरले नाहीत. यांतली काही नावे सुटली. रैहान आज अनेक मुसलमान घरांतल्या मुलांचे लाडके नाव आहे. मरजान, सुंबुल, अंबरीन मुलींकडे गेली. पहिल्या मुअज्जिनाचे, हबशी बिलालचे नाव तर कधी खाली उतरलेच नाही. पण काफूर आणि अंबर ही पुरुषी नावे बापांना मुलासाठी सुचेनाशी झाली. ज्या नावाला बाजाराचा वास होता ते स्वतंत्र माणसाने पाळण्यात का घालावे?

मराठी मुलखात ते वेगळ्या वाटेने टिकले. इथल्या जिभेने मलिक आणि अंबर जोडून मलिकंबर असा एकच शब्द केला. अंबरने मक्त्याने वसुली करण्याची रीत मोडली, जमिनीची प्रत आणि पीक पाहून गावागणिक धारा बसवला, वसुलीच्या कामावर ब्राह्मण कारभारी नेमले आणि वर मुसलमान अंमलदारांची देखरेख ठेवली. गावाच्या दप्तरात त्या बंदोबस्ताला मलिकंबरी म्हणत. निजामशाही बुडाली, आदिलशाही बुडाली, पेशवाई बुडाली, तरी जुना धारा काय होता हे सांगताना कुलकर्ण्यांच्या तोंडी मलिकंबरी होतीच. पेशवाईनंतर दख्खनची व्यवस्था लावायला बसलेल्या एलफिन्स्टनला १८१९ च्या अहवालात तिची दखल घ्यावी लागली. आणि ग्रँट डफचा मराठ्यांचा इतिहास १८२६ मध्ये छापून आला, अंबरच्या मृत्यूला तेव्हा बरोबर दोनशे वर्षे झाली होती, त्यातही या हबशी वजिराच्या महसूल व्यवस्थेचे वर्णन शिवाजी महाराजांच्या उदयाआधी येते.